टायरची झीज तपासताना या चुका टाळा

टायर अजून चालतील की बदलावेत, असे विचारत आमच्याकडे अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला, येणाऱ्या बहुतेकांनी टायर घरीच बघितलेले असतात, पण बघितलेला असतो तो उभ्या उभ्या दिसणारा बाहेरचा काठ. टायरची झीज त्याच्या पूर्ण रुंदीवर बघावी लागते. ती कुठे झाली आहे यावरून ती कशामुळे झाली हे कळते, आणि कारण न शोधता टायर बदलला तर नवा टायरही त्याच जागी झिजतो.

आतला, म्हणजे गाडीकडचा, काठ न बघणे ही माझ्या मते सर्वांत धोकादायक चूक आहे. एका पावसाळ्यात कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला निघालेले एक कुटुंब केवळ हवा भरून घेण्यासाठी आमच्याकडे थांबले होते. टायरची नक्षी, म्हणजे खाचांची खोली, अजून निम्मी शिल्लक आहे असे गाडीच्या मालकांनी ठामपणे सांगितले, आणि बाहेरून पाहता ते खरेच होते. मी त्यांना स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवायला सांगितले, तेव्हा पुढच्या डाव्या टायरचा आतला काठ दोन बोटे रुंदीचा गोटा झालेला दिसला आणि त्यातून तारा बाहेर आलेल्या होत्या. उजव्या टायरचीही अवस्था फारशी वेगळी नव्हती. काही आठवड्यांपूर्वी गाडी खड्ड्यात जोरात आदळली होती, पण ती सरळ चालते म्हणून त्यांनी अलाइनमेंट करून घेतले नव्हते. मागच्या सीटवर दोन लहान मुले बसलेली असताना ती गाडी तशीच भर पावसात घाट उतरणार होती. त्या दिवशी मी त्यांना पुढचे दोन्ही टायर बदलल्याशिवाय जाऊ दिले नाही.

गाडी सरळ चालते म्हणजे अलाइनमेंट ठीक आहे, ही समजूत सोडून द्यायला हवी. पुढच्या चाकांची तोंडे बाहेरच्या बाजूला फाकली, की चालताना तो फरक दोन्ही चाकांत वाटला जातो, त्यामुळे गाडी एका बाजूला ओढत नाही, फक्त स्टिअरिंग जरासे तिरके राहते आणि दोन्ही टायरचे आतले काठ खरवडले जातात. टाय रॉड एंड, लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाक धरून ठेवणारे आणि वळवणारे सांधे, ढिले असतील तर मशिनवर आकडे जुळवूनही उपयोग होत नाही. ते आधी बदलावेत आणि मगच अलाइनमेंट करावे. घाईत असलेल्या ग्राहकाला हे पटत नाही, पण तिथे वाचवलेले पैसे तो पुढे टायरवर घालवतो.

तपासण्यासाठी मी खोली मोजायचे साधे गेज वापरतो. ते फार महाग नसते. बाहेरचा काठ, मध्य आणि आतला काठ अशा तीन ठिकाणी मोजायचे, मग गाडी थोडी पुढे ढकलून पुन्हा मोजायचे. मागच्या टायरचा आतला काठ मोबाइल खाली धरून फोटो काढून बघावा, बोट फिरवू नये, तार लागते. नव्या कारच्या टायरला साधारण ७ ते ८ मिलिमीटर नक्षी असते. मुख्य खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की १.६ मिलिमीटर उरले असे समजावे, आणि ती कायद्याची किमान मर्यादा आहे. खाचांनी पाणी बाहेर फेकले नाही तर टायर रस्त्यावर न टेकता पाण्यावर तरंगतो, म्हणून मी ३ मिलिमीटरला आलेले टायर पावसाळ्याआधीच बदलायला सांगतो. खाचेत नाणे घालून खोली बघण्याची जी युक्ती व्हिडिओंत दिसते ती अमेरिकन सेंटच्या मापावर बेतलेली आहे, आपल्या नाण्यांना ती लावू नये.

दुसरी चूक हवेची. टायरच्या भिंतीवर, म्हणजे बाजूवर, छापलेला आकडा हा त्या टायरचा कमाल दाब असतो, तुमच्या गाडीला किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेले असते. हवा जास्त असली की मधला पट्टा झिजतो, कमी असली की दोन्ही काठ. त्याहून वाईट म्हणजे लांबचा प्रवास करून आल्यावर गरम टायरमधली ‘वाढलेली’ हवा सोडून देणे. टायर थंड झाल्यावर ती कमी पडते, आणि कमी हवेचा टायर वेगात तापतो व फुटतो. समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर तासन्तास एकाच वेगाने जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी, सकाळी, स्टेपनीसकट हवा बघावी.

तारा दिसत नसलेल्या भागावर हात फिरवल्यावर नक्षी उंचसखल लागत असेल तर बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडून सारखे करणे) आणि शॉक ॲब्सॉर्बर तपासा. भिंतीवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले आहेत, तो टायर दुरुस्त होत नाही. नक्षी भरपूर असली तरी वय बघा: टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक २३१९ असतील तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, आणि त्याचे रबर आता कडक झालेले आहे. गोटा टायरवर पुन्हा खाचा कोरून विकलेले कारचे टायर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका, त्या खाचांखाली रबर उरलेलेच नसते.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवा. इंजिन पुढे आहे, ओढ पुढच्या चाकांना आहे, म्हणून पुढेच बसवा असा आग्रह बरेच जण धरतात, परंतु ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर वेग कमी करून गाडी सावरता येते, मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरत नाही.