अ‍ॅनडेटामध्ये डेटासेट जोडताना आतला मेटाडेटा बिघडतो तो इथे

अ‍ॅनडेटा ही पेशींच्या जनुकीय डेटासाठीची पायथन लायब्ररी. तिच्या 'कॉन्कॅट' फंक्शनने दोन डेटासेट जोडले आणि 'अन्स' (मोकळ्या मेटाडेटाची डिक्शनरी) रिकामं आलं, तर प्रोग्राममध्ये बिघाड नाही. 'अन्स_मर्ज' हा पर्याय दिला नाही की 'अन्स'मधला सगळा मेटाडेटा गळतो, आणि एररही येत नाही. मूळ ऑब्जेक्ट शाबूत असतात; पर्याय देऊन पुन्हा जोडा.

मग अनेक जण डिक्शनऱ्या एकत्र करणाऱ्या पायथनच्या 'अपडेट'कडे वळतात. ते फक्त वरच्या थरावर काम करतं. दोन्हीकडे 'नॉर्मलायझेशन' नावाची आतली डिक्शनरी असेल, तर दुसरी पहिलीला अख्खी पुसून टाकते. फक्त पहिलीत असलेल्या की (नोंदींची नावं) जातात. पायथन 3.9 पासूनचं उभ्या रेघेचं चिन्हही हेच करतं. 'अन्स_मर्ज' मात्र प्रत्येक थरात उतरतं.

'अन्स_मर्ज'च्या पर्यायांत सर्वात घातक 'फर्स्ट': तो पहिली सापडलेली नोंद ठेवतो. एका डेटासेटची लक्ष्य-बेरीज (प्रत्येक पेशीची एकूण मोजणी ज्या आकड्यावर आणली तो) 10000 आणि दुसऱ्याची 1000000 असली, तरी जोडलेल्या फाइलमध्ये सर्व पेशींसाठी 10000 दिसेल. चुकीची नोंद गहाळ नोंदीपेक्षा वाईट, कारण ती कुणी तपासत नाही. 'सेम' सगळीकडे असलेल्या आणि जुळणाऱ्या नोंदीच ठेवतं. 'युनिक' एखाद्या डेटासेटमध्ये की नसली तरी चालवून घेतं, फक्त किमती भांडायला नकोत. सुरुवात 'सेम'ने करा.

पण 'सेम'लाही अर्थ कळत नाही. 'नेबर्स'ची (एकमेकांसारख्या पेशी शोधण्याच्या पायरीची) सेटिंग दोन्हीकडे सारखी असल्याने टिकते, तर शेजाऱ्यांचा आलेख 'ऑब्सपी'सोबत (पेशींच्या जोड्यांची माहिती ठेवणारा भाग) जातो, कारण तो जोडणारा 'पेअरवाइज' पर्याय मुळात बंद असतो. पुढे क्लस्टरिंग आलेख शोधताना अडतं. 'पीसीए'चंही (डेटाच्या मिती कमी करण्याची पद्धत) तसंच: पॅरामीटर उरतात, आकडे जातात. जोडल्यावर 'नेबर्स' आणि 'पीसीए' या की काढून गणना नव्याने करा. 'लायडन_कलर्स'ही (लायडन क्लस्टरिंगच्या गटांचे रंग) काढा, ती यादी जुन्या गटांच्या क्रमाने असते, आणि दोन डेटासेटमधला '0' क्रमांकाचा गट एकच नसतो.

मेटाडेटा जोडायला स्वतःचं फंक्शन लिहिणार असाल तर नमपाय (पायथनची गणिती लायब्ररी) अ‍ॅरेंची तुलना थेट दोन बरोबर-चिन्हांनी करू नका: 'इफ'मध्ये एकाहून अधिक घटकांवर व्हॅल्यूएरर येतो. शिवाय नॅन (गहाळ आकड्याची खूण) स्वतःशीही जुळत नाही. 'अ‍ॅरे_इक्वल' वापरा आणि आकड्यांच्या अ‍ॅरेंसाठी 'इक्वल_नॅन' चालू ठेवा.

काहीच गमवायचं नसेल, तर प्रत्येक नमुन्याचं मूळ 'अन्स' डीपकॉपी (आतल्या थरांसह स्वतंत्र प्रत) करून नमुन्याच्या नावाखाली वेगळं ठेवा.