जपानी वाक्य मराठीतून कसं शिकावं

जपानी शिकणाऱ्या बहुतेक मराठी मुलांच्या हातात इंग्रजीतून समजावणारं पुस्तक असतं. ते पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यात पानोपानी धीर दिलेला असतो : क्रियापद शेवटी येतं, घाबरू नका, शब्दयोगी अव्यय नामाच्या नंतर येतं, सवय होईल. आपल्याला हा धीर लागतच नाही, कारण आपण जन्मभर तसंच बोलत आलो आहोत. तरी शाळेपासूनच्या सवयीने आपण जपानी वाक्य आधी इंग्रजीत नेतो, मग समजून घेतो, आणि निष्कारण दमतो.

हे वाक्य बघा : किनो तोमोदाची तो एकि नो चिकाकु नो मिसे दे रामेन ओ ताबेमाशिता. आता त्याच क्रमाने मराठी : काल मित्राबरोबर स्टेशनच्या जवळच्या दुकानात रामेन खाल्लं. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. ‘नो’च्या जागी च्या, ‘तो’च्या जागी बरोबर, ‘दे’च्या जागी त. हेच वाक्य इंग्रजीत नेऊन बघा, जवळजवळ पूर्ण उलटं करावं लागतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे : व्याकरण शिकताना इंग्रजी पुस्तक उघडं असू दे, पण वहीत जपानीखाली मराठीच लिहा.

आधी हिरागाना

इथे सोयीसाठी उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. तुम्ही मात्र पहिल्या पंधरवड्यात हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं शिकून घ्या आणि देवनागरीत जपानी लिहिणं सोडून द्या. देवनागरीत ओ लांब की आखूड ते दाखवता येत नाही आणि जपानीत त्याने अर्थ बदलतो. अक्षरांचा क्रम पाठ करायला आपल्याला जड जाणार नाही : अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत ध्वनींचा आणि सिद्धम लिपीचा जो अभ्यास जपानात नेला, त्यातूनच हा क्रम आला आहे.

मग शेपट्या : नामामागचे प्रत्यय

मराठीत नामाला विभक्ती लागते, जपानीत नामामागे छोटे शब्द येतात. त्यांना जपानीत ‘जोशी’ म्हणतात, आणि पुण्याच्या वर्गात हा शब्द पहिल्यांदा आला की सगळे एकमेकांकडे बघून हसतात. आपल्या सामान्यरूपाची भानगड इथे नाही. नाम जसंच्या तसं राहतं, लिंग नाही, अनेकवचनासाठी रूप बदलत नाही.

पहिल्या महिन्यात एवढे पुरतात : नो (चा-ची-चे), नि (ला, कधी त), दे (त किंवा ने), कारा (पासून, हून), मादे (पर्यंत), तो (बरोबर, आणि), मो (सुद्धा), ओ (कर्माची खूण). कुजि कारा गोजि मादे म्हणजे नऊपासून पाचपर्यंत. बासु दे म्हणजे बसने. प्रश्न विचारायला वाक्याच्या शेवटी का लावायचा, ताबेमास् का म्हणजे खाता का. वाक्याच्या टोकाला ‘ने’ आला की तो आपला ‘ना’ समजा : अत्सुइ देस् ने, गरम होतंय ना.

‘मला’ची वाक्यं एकत्र करा

इंग्रजीतून शिकणारे ‘मला सुशी आवडते’ हे वाक्य वर्षभर चुकवतात. इंग्रजीत आवडणाऱ्या वस्तूला कर्म मानतात, म्हणून ते ‘ओ’ लावतात. जपानीत तिथे ‘गा’ लागतो : वाताशी वा सुशी गा सुकि देस्. मराठीत सुशी ‘आवडते’ आणि भात ‘आवडतो’, म्हणजे क्रियापद सुशीच्या मागे जातं, माझ्या मागे नाही. जपानीनेही सुशीलाच तो मान दिला आहे.

हा एकच धागा ओढला की बरंच हाती येतं. मला जपानी कळतं : निहोंगो गा वाकारिमास्. मला जपानी येतं : निहोंगो गा देकिमास्. मला पाणी पाहिजे : मिझु गा होशिइ देस्. डोंगर दिसतो : यामा गा मिएमास्. आवाज ऐकू येतो : कोए गा किकोएमास्. डोकं दुखतंय : आतामा गा इताइ देस्. वहीच्या एका पानावर ही सगळी ‘मला’ची वाक्यं एकाखाली एक लिहा. प्रत्येकात ‘मला’ गाळला तरी वाक्य चालतं, जपानीतही आणि मराठीतही.

ते-रूप : इथे वेळ घालवा

जपानी व्याकरणात एकाच गोष्टीवर महिना घालवायचा असेल तर तो ‘ते’ लावलेल्या क्रियापदावर घालवा. हे आपलं ऊन-रूप आहे : जाऊन, खाऊन, वाचून.

करायचं असं. क्रियापदांचे तीन गट आहेत. दुसऱ्या गटात शेवटचा रु काढून ते लावा : ताबेरु, ताबेते, मिरु, मिते. तिसऱ्या गटात दोनच आहेत, सुरु (करणे) याचं शिते आणि कुरु (येणे) याचं किते. पहिल्या गटात शेवटचं अक्षर बघायचं. उ, त्सु, रु असेल तर त्ते : काउ, कात्ते, मात्सु, मात्ते, तोरु, तोत्ते. मु, बु, नु असेल तर न्दे : योमु, योन्दे, आसोबु, आसोन्दे, शिनु, शिन्दे. कु असेल तर इते : काकु, काइते. गु असेल तर इदे : ओयोगु, ओयोइदे. सु असेल तर शिते : हानासु, हानाशिते. अपवाद फक्त इकु (जाणे) याचा, त्याचं इत्ते होतं. हे मोठ्याने म्हणत पाठ करा. पुढे ‘ते’च्या जागी ‘ता’ आणि ‘दे’च्या जागी ‘दा’ घातला की साधा भूतकाळ तयार : ताबेता, योन्दा, काइता. एका पाठांतरात दोन रूपं पदरात पडतात.

आता या ते-रूपाला दुसरं क्रियापद जोडा. मिरु म्हणजे बघणे, ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणे. ओकु म्हणजे ठेवणे, योन्दे ओकु म्हणजे वाचून ठेवणे. मोत्ते कुरु म्हणजे घेऊन येणे, मोत्ते इकु म्हणजे घेऊन जाणे. शिमाउ लावला की काम पुरतं संपतं किंवा नको ते होऊन बसतं : ताबेते शिमात्ता, खाऊन टाकलं, वासुरेते शिमात्ता, विसरून गेलो. मोराउ म्हणजे घेणे : तोमोदाची नि नाओशिते मोरात्ता, मित्राकडून दुरुस्त करून घेतलं.

इंग्रजी पुस्तकात यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र धडा असतो आणि प्रत्येकाखाली चार ओळींचं स्पष्टीकरण. ताबेते मिरु (खाऊन बघणे) आणि ताबेयो तो सुरु (खायचा प्रयत्न करणे) या दोन्हींना इंग्रजीत ‘ट्राय’ लागतो, म्हणून विद्यार्थी गोंधळतात. मराठीत या दोन गोष्टींत गोंधळ होऊच शकत नाही.

याच ते-रूपाला इरु लावला की जरा थांबायचं. योन्दे इरु म्हणजे वाचतोय. पण सुवात्ते इरु म्हणजे ‘बसतोय’ नव्हे, तर बसलेला आहे. किते इरु म्हणजे आलेला आहे. शिन्दे इरु म्हणजे मेलेला आहे, मरतोय असं नव्हे. केक्कोन शिते इमास् म्हणजे लग्न झालेलं आहे. कसोटी अशी : क्रिया काही काळ चालणारी असेल (वाचणे, लिहिणे, पोहणे) तर ‘तोय’, क्षणात एका अवस्थेतून दुसरीत नेणारी असेल (बसणे, येणे, मरणे, लग्न होणे) तर ‘लेला आहे’.

नामाआधीचं वाक्य

जपानीत जो-तो नाही. ‘मी जे पुस्तक काल घेतलं ते’ अशी रचना करूच नका, सरळ ‘काल घेतलेलं पुस्तक’ म्हणा : किनो कात्ता होन. आईने केलेला केक : हाहा गा त्सुकुत्ता केकि. जपानी शिकवणारा माणूस : निहोंगो ओ ओशिएरु हितो. उद्या जायचं ठिकाण : आशिता इकु तोकोरो. मराठीला इथे लेला, णारा, यचा अशी तीन रूपं लागतात. जपानीत क्रियापदाचं साधं रूप नामाआधी ठेवलं की झालं. लक्षात ठेवायचं ते एवढंच की नामाआधीच्या या वाक्यात मास् किंवा माशिता (क्रियापदाचे आदरार्थी शेवट) येत नाही, आणि त्यातल्या कर्त्याला गा लागतो, वा नाही.

दुसऱ्याचं बोलणं सांगायचं तेही असंच सोपं आहे. आशिता कुरु तो इइमाशिता : उद्या येतो असं म्हणाला. इंग्रजीत इथे आतल्या वाक्याचा काळ मागे सरकवावा लागतो. जपानीत आणि मराठीत तो जिथल्या तिथे राहतो.

मराठी जिथे दगा देते

एवढं जुळतं म्हणून डोळे मिटून चालता येत नाही. चार जागी सांभाळायचं.

पहिली जागा म्हणजे आपलं ‘आहे’. हे पुस्तक आहे, टेबलावर पुस्तक आहे, खोलीत आई आहे, या तिन्हींत आपण एकच आहे वापरतो. जपानीत तीन : कोरे वा होन देस्, त्सुकुए नो उए नि होन गा आरिमास्, हेया नि हाहा गा इमास्. काय आहे ते सांगायला देस्, निर्जीव वस्तू कुठे आहे ते सांगायला आरु, माणूस किंवा प्राणी असेल तर इरु. झाड मात्र आरु.

दुसरी जागा आपला ‘त’. घरात आहे आणि घरात वाचतो, दोन्हींत त आहे. जपानीत असणं असेल तर नि (इए नि इमास्), काम चाललं असेल तर दे (इए दे योमिमास्). राहण्याला नि लागतो आणि नोकरी करण्याला दे : पुने नि सुन्दे इमास्, पुने दे हाताराइते इमास्. ही दोन वाक्यं जोडीने पाठ करा, कारण ओळख करून देताना दोन्ही लागतातच.

तिसरी, विशेषणं. गरम होतं म्हणताना आपण भूतकाळ ‘होतं’मध्ये दाखवतो. जपानीत इ-ने संपणारं विशेषण स्वतःच चालतं : अत्सुइ, अत्सुकु नाइ, अत्सुकात्ता. गरम, गरम नाही, गरम होतं. अत्सुइ देशिता हे वाक्य वर्गात रोज ऐकू येतं आणि ते चूक आहे. अत्सुकात्ता देस् म्हणायचं.

चौथी जागा सगळ्यात अवघड : वा आणि गा. इथे मराठी अर्धीच मदत करते. ‘वा’ म्हणजे ज्याविषयी बोलतोय ते समोर ठेवणं, बोलण्यातल्या ‘तर’सारखं. ‘गा’ म्हणजे नेमकं तेच, बऱ्याचदा आपल्या ‘च’च्या जवळ जाणारं. सुरुवातीला एक पक्का नियम धरा : कोण, काय, कोणता या शब्दांना वा कधी लागत नाही, आणि प्रश्नात गा असेल तर उत्तरातही गा. दारे गा किमाशिता का? तानाका-सान गा किमाशिता. तानाका-सान काय करतात असं विचारायचं असेल तर त्यांच्याविषयीच बोलणं चाललंय, म्हणून तानाका-सान वा. बाकीचे बारकावे वाचून येतील, नियमांनी येणार नाहीत.

जाता जाता एक. ‘तुम्ही’साठी पुस्तकात आनाता दिलेला असतो. समोरच्या माणसाला तो वापरू नका. नावापुढे सान लावा, शिक्षकांना सेन्सेइ म्हणा, किंवा काहीच म्हणू नका.

वही कशी ठेवावी

वाक्यरचनेला जपानीत बुन्केइ म्हणतात. एका बुन्केइला वहीचं एक पान द्या. वर जपानी वाक्य, त्याच्या प्रत्येक तुकड्याखाली मराठी तुकडा (दुकान-त, मित्र-बरोबर, खाऊन-बघितलं), आणि तिसऱ्या ओळीत घरी बोलतो तसं मराठी. दुसऱ्या दिवशी वरची ओळ झाकून तिसऱ्या ओळीवरून जपानी म्हणा. जमलं की एकच तुकडा बदला : रामेनच्या जागी सोबा, कालच्या जागी उद्या, मग होकाराचा नकार. एकाच वेळी दोन तुकडे बदलू नका, चूक कुठे झाली ते कळत नाही.

वाचायला एन.एच.के. या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या चांगल्या, कांजीवर (चिनीतून आलेल्या अक्षरांवर) हिरागानात उच्चार दिलेला असतो. लांब वाक्य आलं की आधी शेवटी जा, क्रियापद शोधा, ते होकारी की नकारी ते बघा, मग मागे येत एकेक जोशी पकडून तुकडे पाडा.

जे.एल.पी.टी. ही जपानी भाषेची परीक्षा द्यायची असेल (२०१० पासून तिच्या एन ५ ते एन १ अशा पाच पातळ्या आहेत आणि पुण्यात, मुंबईत केंद्रं आहेत) तर हाच सराव उपयोगी पडतो. तिथे बोलण्याची परीक्षा नसते. व्याकरणात मात्र एक प्रश्न हमखास असतो : वाक्यात चार रिकाम्या जागा, त्यातल्या एकीवर चांदणी, खाली चार तुकडे, चांदणीच्या जागी कोणता तुकडा येईल ते सांगायचं. ते चार तुकडे मनात मराठीत लावा, क्रियापदाला शेवटी बसवा, नामाआधीचं वाक्य नामाला चिकटवा, आणि मग चांदणीच्या जागी आलेल्या तुकड्याचा आकडा उत्तरपत्रिकेत काळा करा.