पत्रकं वाटायला उभं राहण्याआधी

मांस, अंडी, दूध सोडण्याबद्दलची पत्रकं वाटायला मी उभी राहिले, त्या पहिल्या दिवशी तासाभरात माझ्या हातून अकरा गेली. माझ्या बाजूला उभं राहून वाटणाऱ्या बाईंचा शंभराचा गठ्ठा तोवर दोनदा संपला होता, आणि त्या माझ्या आईपेक्षा वयाने मोठ्या होत्या.

२०१३चा सप्टेंबर. कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे स्टेट युनिव्हर्सिटीत माझ्या एमएसचं दुसरं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. कॅम्पसवर टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांचा मोठा पुतळा आहे. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पदक घेताना मूठ वर करून उभे राहिलेले ते दोघे, याच विद्यापीठाचे. पुतळ्यात दुसऱ्या क्रमांकाची पायरी रिकामी ठेवली आहे, कुणीही चढून फोटो काढतं. मी तिथल्याच पायवाटेवर उभी राहून इतक्या बारीक आवाजात पुटपुटत होते, की लोकांना मी पत्ता विचारतेय असं वाटत असणार.

आमची पत्रकं ‘वीगन आउटरीच’ या संस्थेची. वीगन म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच, अगदी दूधही, न खाणारा. १९९३मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचं तेव्हा मुख्य काम हेच होतं. २००३मध्ये त्यांनी ‘अडॉप्ट अ कॉलेज’ सुरू केलं. म्हणजे स्वयंसेवकाने एखादं कॉलेज आपलं म्हणायचं आणि दर सेमिस्टरला तिथे जाऊन पत्रकं वाटायची. मांस, अंडी, दूध या सगळ्यामागे यंत्रासारखी चालणारी जी पशुपालनाची पद्धत आहे तिचे फोटो, चार आकडे, आणि मागच्या पानांवर काय खाता येईल याची माहिती. पत्रकांची खोकी घरपोच यायची, पैसे पडायचे नाहीत. कॉलेजच का, तर अठरा-वीस वर्षांची मुलं घराबाहेर पडून स्वतःचं जेवण पहिल्यांदाच स्वतः ठरवत असतात. शिवाय एका जागी उभं राहिलं की हजारो माणसं आपसूक समोरून जातात.

आता हाताचं काम, कारण नव्या माणसाचं सगळं तिथेच अडतं. गठ्ठा डाव्या हाताच्या कोपरात, तान्हं बाळ धरतात तसा. उजव्या हातात एकच पत्रक, चित्राची बाजू घेणाऱ्याकडे आणि सुलटी. माणूस चार पावलांवर असताना नजर द्यायची, दोन पावलांवर हात पुढे करायचा. त्याच्या पोटाच्या उंचीवर, चालता चालता त्याचा हात सहज येईल तिथे. छातीसमोर धरलंत तर तो दचकतो. वाटेच्या मधोमध उभं राहायचं नाही, कडेला अर्धं वळून राहायचं. गॉगल काढून ठेवायचा. पुढचं पत्रक अंगठ्याने आधीच सुटं करून ठेवायचं, नाहीतर एकाला देताना मागचे तिघे निघून जातात. मला हे जमायला तीन खेपा लागल्या. बाईंनी मला आधी नुसतं बघायला लावलं होतं, आणि मी बघायच्या ऐवजी फोटो वाचत बसले होते.

(त्यांना मी ‘मॅडम’ म्हणायचे. त्या दर वेळी नाव घ्यायला सांगायच्या. निवृत्त शाळाशिक्षिकेला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ शेवटपर्यंत वळली नाही.)

वाक्य एकच ठेवा, लहान. आम्ही म्हणायचो, ‘इन्फो ऑन हेल्पिंग अ‍ॅनिमल्स?’ बस. ‘तुम्ही शाकाहाराबद्दल कधी विचार केला आहे का’ अशी सुरुवात केलीत, तर वाक्य संपेपर्यंत माणूस लायब्ररीत पोचलेला असतो. कुणी ‘नो थँक्स’ म्हटलं तर ‘थँक यू, हॅव अ गुड डे’, आणि ते मनापासून. कारण मागून येणारे चारजण तुम्ही नकार कसा घेता हे बघत असतात. पडलेल्या चेहऱ्याच्या माणसाकडून कुणी काही घेत नाही.

वेळही साधायची असते. सॅन होझेला दोन वर्गांच्या मध्ये पंधरा मिनिटं मिळायची आणि खरं काम तेवढ्यातच व्हायचं. उरलेल्या वेळात पाणी प्या, पाय मोकळे करा. बर्कलीच्या विद्यापीठात तर ‘बर्कली टाइम’ म्हणून प्रकार आहे, वर्ग छापील वेळेच्या दहा मिनिटं उशिरा सुरू होतात. त्या दहा मिनिटांत तिथल्या स्प्राउल प्लाझा या चौकात यात्रेसारखी गर्दी उसळते. तेव्हा सॅन होझेहून १८१ नंबरच्या बसने फ्रीमाँटला जायचे आणि तिथून बार्टने, म्हणजे तिथल्या लोकलने, डाउनटाउन बर्कली. वर्षातून दोनदा मी ही वारी केली. माझा सगळ्यात मोठा आकडा तिथलाच, दोन तासांत चारशेच्या आसपास.

स्प्राउलवर उभं राहताना एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. १९६४मध्ये विद्यापीठाने बॅनक्रॉफ्ट आणि टेलिग्राफ या रस्त्यांच्या कोपऱ्यावर राजकीय टेबलं मांडायला आणि पत्रकं वाटायला मनाई केली, त्यावरूनच फ्री स्पीच मूव्हमेंट, म्हणजे विद्यार्थ्यांची भाषणस्वातंत्र्याची चळवळ, पेटली. १ ऑक्टोबरला अशाच एका टेबलापाशी बसलेल्या जॅक वाइनबर्ग याला उचलून पोलिसांनी गाडीत बसवलं, तर मुलांनी त्या गाडीभोवती ठाण मांडलं आणि ३२ तास ती जागची हलू दिली नाही. आज तिथे नाचाच्या क्लबपासून बायबलवाल्यांपर्यंत सगळे शेजारी शेजारी उभे असतात. आपण त्यांच्यातले एक. शेजारच्याचं गिऱ्हाईक तोडायचं नाही, एवढा बाजारातला नियम पाळा.

पण सगळीकडे बर्कली नसतं, हे मी पडून शिकले. सरकारी विद्यापीठाच्या उघड्या आवारात पत्रक वाटण्याला अमेरिकेच्या घटनेचं संरक्षण आहे. तरी कुठे, केव्हा, कसं, याचे नियम प्रत्येक विद्यापीठ करतं. खासगी संस्थेची गोष्ट वेगळी, ती जागा त्यांची. मी हा फरक न बघता एका खासगी कॉलेजात उत्साहाने पोचले. वीस मिनिटांत सुरक्षारक्षक आला, ओळखपत्र मागितलं, माझं नाव वहीत लिहून घेतलं आणि मला फाटकापर्यंत सोडलं. तो अगदी सभ्यपणे बोलला. मला मात्र त्या रात्री झोप नाही, कारण डोक्यात एकच, व्हिसा. काही झालं नाही. पण तुम्ही विद्यार्थी व्हिसावर असाल तर आधी नियमावली वाचा, आणि कुणी जायला सांगितलं तर वाद न घालता निघा. तुमच्या हक्कांची लढाई लढायला तिथे नागरिक आहेत. तसंच, हे काम बिनपैशाचंच ठेवा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना मानधन म्हणून कुणी काही देऊ केलं, तर घेण्याआधी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसमध्ये विचारा.

वाद घालणारे येतीलच. वनस्पतींना वेदना होत नाहीत का, निर्जन बेटावर अडकलात तर काय खाल, प्रोटीन कुठून आणता. यात हरण्याची भीती बाळगू नका, जिंकण्याची हौस तर त्याहून नको. एका मुलाशी मी पंचवीस मिनिटं वाद घातला आणि मला वाटलं मी जिंकले. बाई एवढंच म्हणाल्या, तेवढ्यात समोरून दीडशेजण गेले. दोन वाक्यांत उत्तर द्या, पत्रक द्या, हात मोकळा करा. मला उपयोगी पडलेला आकडा एकच. अमेरिकेत पिंजऱ्यातल्या अंडी देणाऱ्या कोंबडीला साधारण ६७ चौरस इंच जागा मिळायची, ए-फोर कागदापेक्षाही कमी. मी वहीतलं पान काढून दाखवायचे. २००८मध्ये कॅलिफोर्नियाने असे पिंजरे बंद करण्यासाठी मतदान केलं होतं, ‘प्रपोझिशन टू’. ते अमलात यायला मात्र २०१५ उजाडलं.

आणि थापा मारू नका. वीगन झालं की सगळे आजार पळतात, असलं काही बोलायचं नाही. बी-१२ची गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ घ्यावेच लागतात, हे आधी सांगा. संस्थेच्या संस्थापकांपैकी जॅक नॉरिस हे स्वतः आहारतज्ज्ञ आहेत आणि ते हे ठासून सांगत आले आहेत. मी पहिले आठ महिने गोळी घेतली नव्हती. घरात पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार, मला काय होणार, हा तोरा. रक्ततपासणीत तो उतरला.

आता आपल्या माणसांबद्दल. मला वाटलं होतं, भारतीय मुलांना पटवणं सगळ्यात सोपं जाईल. झालं उलटंच. अमेरिकन मुलगा एकतर घेतो नाहीतर घेत नाही. आपला मुलगा थांबतो, हसतो आणि म्हणतो, ‘अगं, आम्ही व्हेजच आहोत.’ त्याच्या लेखी विषय संपला. दूध, तूप, ताक, चक्का यांत प्राण्याचा संबंध येतो, हे मलाही पंचवीस वर्षं सुचलं नव्हतं. फोनवर आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, ‘मग चहा?’ दुसरा, ‘वरणभातावर काय घेतेस?’ सांगलीला आजोबांच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या. एकीचं नाव चंद्री. ती मेली तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नव्हते. त्या माणसाला मी अमेरिकेतल्या हजार गाईंच्या डेअरीचे फोटो दाखवून काय सिद्ध करणार होते? रेडकाचं काय व्हायचं, हा प्रश्न आमच्या गोठ्यातही होताच, पण तो विचारायला ते पत्रक उपयोगाचं नव्हतं. म्हणून सांगते, इथलं पत्रक जसंच्या तसं गावाकडच्या ग्रुपवर पाठवू नका. आपल्या लोकांशी बोलायचंच झालं तर पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरलं वांगं, सोलकढी यांच्यापासून सुरुवात करा. निम्मं ताट आधीपासूनच वीगन आहे म्हटल्यावर माणूस जरा सैल होतो.

२०१५च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. तोवर मी नोकरीला लागले होते. शनिवारी माझ्याकडे जेवायला येणारी नांदेडची मैत्रीण टेबलावरचं पत्रक चाळत म्हणाली, ‘आमच्या ताटात काय असावं हे सांगणारे आधीच कमी आहेत का, त्यात तू?’ मी म्हटलं, हे सक्तीचं नाही, नुसता कागद आहे. ती म्हणाली, ‘तुझ्यासाठी.’ शाकाहार म्हटलं की आपल्याकडे जात पाठोपाठ येते, भाड्याची खोली मिळण्या-न मिळण्यापर्यंत. मी ज्या घरातून आले तिथे हे कधी जाणवायची वेळच आली नाही. त्या दिवसापासून आपल्याकडच्या कुणाला मी पत्रक स्वतःहून पुढे करत नाही. विचारलं तर सांगते. काही स्वयंसेवकांना माझं हे पटत नाही, त्यांच्याशी माझा अजून वाद आहे. मैत्रीण मात्र अजून येते, आणि ते पत्रक कितीतरी दिवस गरम पातेल्याखाली ठेवायला होतं.

याने फरक पडतो का, हे तुम्हाला सगळे विचारतील. पत्रक घेणाऱ्यातले किती बदलतात याचा नेमका हिशेब लावणं कठीण आहे. अमेरिकेतल्याच एका मोठ्या पाहणीत २०१४मध्ये दिसलं, की शाकाहारी किंवा वीगन झालेल्यांपैकी ८४ टक्के लोक पुढे सोडून देतात. हा आकडा आम्ही आमच्यात दडवत नाही. म्हणूनच आता माणसाला पत्रक देऊन मोकळं न होता पुढचे काही आठवडे त्याच्या संपर्कात राहण्यावर, काय शिजवू, कुठून आणू हे सांगण्यावर भर आहे. नव्याने येणार असाल तर त्या कामालाही नाव द्या. उभं राहायला लाजणाऱ्यांना ते बरं पडतं.

आणि निघण्याआधी आसपासच्या कचरापेट्या आणि बाक बघून या. लोक घेतात आणि वीस पावलांवर टाकतात. राग मानू नका. चुरगळलेली सरळ करा, ओली झालेली टाका, कॉफी न सांडलेली पुसून गठ्ठ्यात परत घाला. शिवाय आपला कचरा सफाई कामगाराला उचलावा लागत नाही. पहिल्या दिवशीच्या माझ्या अकरांपैकी तीन मला अशीच परत मिळाली होती.