लिहून खेळायचा खेळ: मोबाइलवरच्या पोस्टमधून फँटसी रोलप्लेइंग गेम कसा चालवावा

आमच्या गटातला एक जण शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्टला जातो, एक पुण्यात असतो, एक गडहिंग्लजकडं शाळेवर आहे आणि एकीचं बाळ सात महिन्यांचं. रविवारी राजारामपुरीत कुणाच्या तरी घरी टेबलाभोवती बसायचं आणि चार तास खेळायचं, हे कितीतरी वेळा ठरलं आणि प्रत्येक वेळी मोडलं. शेवटी आम्ही टेबलच सोडलं. आता ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा त्यानं यायचं, दोन-चार ओळी लिहायच्या आणि कामाला लागायचं. बाकीचे आपापल्या वेळेला वाचतात आणि पुढं लिहितात. खेळ नीट चालला आहे, म्हणून कसा चालवायचा ते इथं सांगतो.

हा खेळ ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक जण गेम मास्टर असतो, आम्ही त्याला सूत्रधार म्हणतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. समोर काय आहे ते सूत्रधार सांगतो, आपलं पात्र काय करतं ते खेळाडू सांगतात, आणि जमेल की नाही याची खात्री नसेल तिथं वीस बाजूंचा फासा टाकतात. या प्रकारातला पहिला छापील खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली आणला. टपालानं चाली पाठवून खेळायचे खेळ तर त्याच्याही आधीपासून होते. त्यामुळं उत्तराची वाट बघत खेळण्यात नवं काही नाही.

पण त्या वाट बघण्यातच या खेळाचा जीव अडकलेला असतो. गोष्ट वाईट होती म्हणून असा खेळ बंद पडलेला मी पाहिलेला नाही. एक जण दिवसभर लिहीत नाही, दुसरा त्याच्यासाठी थांबतो, तिसऱ्याला वाटतं आपली पाळी नाही, आणि चौथ्या दिवशी आपण नक्की कुठं होतो हेच कुणाला आठवत नाही. माझा पहिला खेळ असाच तीन आठवड्यांत संपला. मी दोन-दोन पानांच्या पोस्ट लिहीत होतो, सगळे कौतुक करत होते आणि उत्तर कुणीच देत नव्हतं. खाली जे सांगतो आहे ते सगळं त्या शांततेवरचे उपाय आहेत.

आधी माणसं आणि नियम

खेळाडू चार किंवा पाच घ्या. तिघांत एक जण आजारी पडला की खेळ लंगडतो, आणि सहा-सात झाले की आपण नाही लिहिलं तरी चालतंय असं प्रत्येकाला वाटायला लागतं. घेताना एकच प्रश्न विचारा: दिवसात कोणती दहा मिनिटं या खेळाची? "कधीपण लिहीन की" असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास कमी. "रात्री साडेदहाला, बाळ झोपल्यावर" असं सांगणारी सहसा चुकत नाही.

नियमांसाठी खर्च करायची गरज नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. श्रेय दिलं की त्यांचं भाषांतरही करता येतं, म्हणून पात्राचा तक्ता तुम्ही सरळ मराठीत करून घेऊ शकता: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, समज, छाप. १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे सहा आकडे ज्यानं त्यानं या सहा गुणांत आपल्या मनासारखे वाटून घ्यायचे. पातळी पहिलीच ठेवा. वरच्या पातळीच्या पात्रांकडं इतके मंत्र आणि हिकमती असतात की नवा खेळाडू पोस्ट लिहिण्याऐवजी नियम वाचत बसतो.

जागा

व्हॉट्सॲपवर चालतं, पण शुभ सकाळच्या फुलांखाली पोस्ट गाडली जाते. गटानं गप्पा मारायचं डिस्कॉर्ड हे ॲप बरं पडतं. तिथं एक सर्व्हर, म्हणजे आपल्या गटाची जागा, काढा आणि त्यात तीन चॅनेल करा: गोष्ट, कट्टा आणि फासे. गोष्टीत फक्त पात्रांचं लिहायचं. "मी उद्या गावाला आहे", "तो नियम काय होता रे", मिसळ कुठली भारी, हे सगळं कट्ट्यावर. फाशांच्या चॅनेलमध्ये फासे टाकणारा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, बसवा, म्हणजे आकडा सगळ्यांसमोर पडतो आणि शंकेला जागा राहत नाही. फासा पडल्यावर आपली पोस्ट कुणीही बदलायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका.

जग जवळचं घ्या

नवखे सूत्रधार बर्फाळ डोंगर आणि दगडी बुरुजांचं परदेशी राज्य डोळ्यांसमोर आणतात आणि वर्णनातच अडकतात. पोस्टवरच्या खेळात वर्णनाला दोन-तीनच ओळी मिळतात. म्हणून जी जागा खेळाडूंच्या पायाखालून गेली आहे ती घ्या. आमचा धुकेगड म्हणजे नाव बदललेला पन्हाळा. कोल्हापूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर, प्रत्येकानं पावसाळ्यात पाहिलेला. तीन दरवाजातून आत शिरलो असं लिहिलं की कमानीखालचा गार वारा सगळ्यांना आपोआप लागतो. अंबरखान्याची मोठी धान्यकोठारं आमच्या खेळात एका राक्षसाची कोठी आहेत. आणि अंधार बाव तर जशी काही या खेळासाठीच बांधली आहे: तीन मजली इमारत, आत वळणारे जिने, भिंतीत पहारेकऱ्यांचे कोनाडे आणि तळाला शत्रूच्या नजरेआड ठेवलेली विहीर.

याबाबत माझं एक ठाम मत आहे. जागा घ्या, इतिहासातली माणसं घेऊ नका. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू हे आपल्याकडं फाशावर टाकायचे विषय नाहीत. वेढ्यातून निसटण्याचा थरार हवा असेल तर वेढा घालणारे, निसटणारे आणि गड, तिन्ही काल्पनिक ठेवा. खेळाडूही मोकळेपणानं चुका करू शकतात.

पोस्ट कशी लिहावी

सगळ्यांत जास्त मेहनत इथं घ्या. सुरुवातीला मी असं लिहायचो: "तुम्ही बावेत उतरता. आत मिट्ट अंधार आहे. काय करता?" पाचही जण एकमेकांची वाट बघत बसायचे. आता असं लिहितो:

"जिना तिसऱ्या वळणावर अरुंद होतो. खालून पाण्याचा वास येतो, त्यात ओल्या घोंगडीचा. मधल्या मजल्यावरच्या कोनाड्यात मशालीचं बूड अजून धुमसतंय. खाली पाण्यात काहीतरी पडतं. डुबुक. तुळसा, मशालीशेजारी ओल्या पायाचा ठसा आहे, बोटं चारच. भैरू, तुझ्या मागची पायरी कुणी पाय न ठेवताच हलली. बाकीच्यांनी उतरायचं की वर थांबायचं ते रात्री दहापर्यंत सांगा. कळवलं नाही तर वर थांबलात असं धरतो."

दोन पात्रांना नाव घेऊन वेगवेगळी गोष्ट दिली आहे, त्यामुळं त्या दोघांना एकमेकांसाठी थांबावं लागत नाही. उरलेल्यांसमोर दोनच पर्याय आहेत आणि वेळ ठरलेली आहे. गप्प राहिलं तर काय होईल तेही आधीच सांगितलंय. लांबीला ही पोस्ट मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावते. त्याहून मोठी झाली की मी कापतो, वाक्य कितीही आवडलेलं असलं तरी.

तुळसाचं उत्तर आलं: "तुळसा गुडघ्यावर बसते. ठशावर बोट टेकवून ओल बघते. ताजी असेल तर ठसा जातो तिकडं दोन पावलं जाते, सुकत आली असेल तर मशाल उचलून भैरूकडं देते." हे 'असेल तर' सोन्याचं आहे. दोन्ही वाटा लिहून ठेवल्यामुळं मला तिला परत विचारावं लागलं नाही, एक अख्खा दिवस वाचला. खेळाडूंना हे पहिल्या आठवड्यातच शिकवा.

भैरूनं दोनच ओळी लिहिल्या: "भैरू वळत नाही. 'कोण हाय रं?' एवढंच विचारतो, हात कोयत्याकडं." छोटी पोस्ट म्हणजे कमी पोस्ट नव्हे, हे कट्ट्यावर आवर्जून सांगा. नाहीतर ज्याला लिहायची सवय नाही तो लाजून गप्प होतो. संवाद आपल्या बोलीत येऊ द्या. पात्र उंच मनोऱ्यातला जादूगार असलं तरी कोल्हापुरी बोलताना ते जास्त जिवंत वाटतं.

मराठीत एक अडचण वेगळीच येते. 'मी चढलो', 'मी चढले' यात लिहिणाऱ्याचं लिंग दिसतं, आणि बाईनं पुरुष पात्र घेतलं किंवा उलट झालं की गोंधळ उडतो. शिवाय लिहिणारा 'मी' आणि पात्राचा 'मी' एकमेकांत मिसळतात. म्हणून पात्राबद्दल तृतीयपुरुषी आणि वर्तमानकाळात लिहायचं: तुळसा बसते, भैरू विचारतो. वर्तमानकाळाचा आणखी एक फायदा आहे. 'भैरूनं दार फोडलं' असं लिहिलं की निकाल खेळाडूनंच लावून टाकलेला असतो. 'भैरू दाराला खांदा लावतो' यात तो सूत्रधाराच्या हातात राहतो.

फासे

प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला फासा मागू नका. टेबलावर फासा दोन सेकंदांचा असतो, इथं कधीकधी एक दिवसाचा. मध्यम अवघड कामाला १५ हा आकडा गाठायचा असतो. तुळसाला नजरेसाठी ५ चा अधिक आहे, तो फाशावरच्या आकड्यात मिळवायचा, म्हणजे फाशावर १० किंवा वर हवे, शक्यता ५५ टक्के. तिनं ठशावर बोट टेकवून ओल बघितली म्हणून मी तिला दोन फासे टाकून मोठा घ्यायला सांगितलं, तेव्हा शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास गेली. हे गणित खेळाडूंना उघड सांगा. हुशारीनं लिहिलेल्या ओळीचा फायदा किती होतो ते दिसलं की पुढच्या पोस्ट आपोआप नीट यायला लागतात.

फासा कमी पडला तर "काहीच घडत नाही" असं कधीही लिहू नका. एक दिवस थांबून माणसाच्या हाती काहीच लागत नाही. कुलूप उघडू दे, पण आवाज होऊ दे. ठसा समजू दे, पण तोवर पाण्यातली हालचाल जवळ येऊ दे.

लढाई

पुस्तकाप्रमाणं एकेकाची पाळी लावली तर पाच जणांची एक फेरी पाच दिवस घेते, आणि चार फेऱ्यांची साधी चकमक वीस दिवस. तोवर कशासाठी भांडत होतो तेच विसरायला होतं. म्हणून दोन बाजू करा. सगळे खेळाडू मिळेल त्या क्रमानं आपली चाल टाकतात, मग सूत्रधार एकाच पोस्टमध्ये सगळ्यांचा निकाल आणि शत्रूची चाल लिहितो. फेरी दोन दिवसांत होते, लढाई आठ दिवसांत. शत्रूचं चिलखत किती ते लपवू नका. "याला लागायला १३ हवेत" असं सांगितलं की खेळाडू हल्ल्याचा आणि जखमेचा फासा एकदमच टाकून मोकळा होतो. नकाशाऐवजी अंतर शब्दांत सांगा: हाताशी, जिन्याच्या टोकाला, पाण्यापलीकडं.

कुणी गायब झालं तर

आमचा नियम ३६ तासांचा आहे. तेवढ्यात पोस्ट आली नाही तर सूत्रधार त्या पात्राची चाल करतो, पण सगळ्यांत सुरक्षित अशीच. ते पात्र कुणाच्या तरी मागं उभं राहतं, दार धरतं, मशाल धरतं. गैरहजर माणसाचं पात्र कधीही मारू नका, तो परत येणार नाही. वेळापत्रक गावाप्रमाणं लावा. नवरात्रात, जोतिबाच्या चैत्र यात्रेत, शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघाचा सामना असेल त्या दिवशी कुणी लिहिणार नाही, तेव्हा आधीच सुट्टी जाहीर करा. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की आम्ही खेळ थांबवतो आणि कट्ट्यावर फक्त कोण कुठं सुखरूप आहे एवढंच विचारतो.

महिन्यातून एकदा सूत्रधारानं दहा ओळींत 'आतापर्यंत' लिहून ते चॅनेलमध्ये पिन करावं. परत आलेल्या माणसाला चारशे पोस्ट वाचाव्या लागू नयेत.

साहस छोटं धरा, दोन-तीन महिन्यांत संपेल असं. संपलं की गोष्टीचं चॅनेल एका फाइलमध्ये उतरवून घ्या आणि एखादा धागा मुद्दाम मोकळा सोडा. आमचं अंधार बावेचं साहस संपल्यावर शिरोलीच्या मित्रानं सगळ्या पानांची प्रिंट काढली, स्पायरल बाइंडिंग करून घेतलं आणि रात्रपाळीला जाण्याआधी कट्ट्यावर एक ओळ टाकली: "समदं वाचलं. पर चार बोटांचा तो कोण हुता, ते अजून सांगितलं न्हाईस."