पहिली मीटिंग शोधताना
दारू सोडायचं ठरवलंत आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या गटाच्या, जवळच्या मीटिंगचा पत्ता मिळाला, म्हणून लगेच निघू नका. आधी फोन करा. हे गट १९३५ पासून चालत आलेत, पण यादीतल्या वेळा कधीकधी जुन्या असतात. दाराला कुलूप दिसलं की मन लगेच दुसरीकडे धावतं. फोनवर एवढंच विचारा: मीटिंग खुली की बंद? खुल्या मीटिंगला घरचं माणूस सोबत बसू शकतं. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांची. फी नसते, आडनाव सांगावं लागत नाही. मध्येच पेटी फिरते, तीत काही टाकलं नाही तरी चालतं. दहा मिनिटं आधी जा, मागची खुर्ची धरा. बोलायची पाळी आलीच तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा, कोणी आग्रह करत नाही. गट नाही पटला? दुसरा बघा, प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट आहेत. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना गाठावं. अचानक सोडल्याने फिट येऊ शकते, आणि तिथे मीटिंग उपयोगाची नाही.