‘बिग’ला पर्याय शोधताना या चुका टाळा

बारावीचा निबंध असो, नोकरीचा अर्ज असो की गॅदरिंगचं सूत्रसंचालन, आमच्या लातूर-परभणीकडच्या पोरांना एक खूळ हमखास लागतं. ‘बिग’ हा शब्द फार गरीब वाटतो, म्हणून तो काढायचा आणि त्या जागी काहीतरी भारदस्त ठेवायचं. हेतू चांगलाच आहे. दर ओळीला ‘बिग’ वाचून तपासणारा वैतागतो. पण बदली म्हणून जे शब्द येतात ते बघितले की वाटतं, ‘बिग’च बरा होता.

यादी पाठ करणं

ही सगळ्यात जुनी आणि माझ्या डोक्यात जाणारी चूक. वर्गात आल्या आल्या पहिली मागणी ठरलेली: “सर, एखादी लिस्ट द्या की हो.” लिस्ट कुठेही मिळते. ह्यूज, इनॉर्मस, जायगँटिक, मॅसिव्ह, व्हास्ट, इमेन्स, कोलॉसल, बल्की, हल्किंग. एका रात्रीत पाठ होते आणि दुसऱ्या दिवशी कुठलाही शब्द कुठेही चिकटवला जातो.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्नेहसंमेलनाला गेलो होतो. सूत्रसंचालन करणारा पोरगा हुशार, आवाज खणखणीत. प्रमुख पाहुणे गावचेच, नाव कमावलेले आणि देहानेही चांगले भरलेले. पोराच्या हातातल्या मराठी कागदावर होतं, ‘आपल्या तालुक्यातलं मोठं व्यक्तिमत्त्व’. त्याला ते इंग्रजीत म्हणायचं होतं. त्याने मोबाइलमध्ये ‘बिग’चे समानार्थी शब्द काढले आणि त्यातला सगळ्यात वजनदार वाटणारा उचलला: कॉर्प्युलंट. नंतर विचारलं तर म्हणाला, “सर, कॉर्पोरेटसारखा वाटला.” माइकवरून जाहीर झालं, “प्लीज वेलकम द मोस्ट कॉर्प्युलंट पर्सनॅलिटी ऑफ अवर तालुका.” म्हणजे तालुक्यातला सगळ्यात लठ्ठ माणूस. इंग्रजीच्या मॅडमनी सत्काराची शाल तोंडासमोर धरली. पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या पत्नीच आधी हसल्या. पाहुणे दिलदार निघाले, भाषणात म्हणाले, “पुढच्या वर्षी पंधरा किलो कमी करून येतो, मग दुसरा शब्द शोधा.” पोराला मात्र टाळ्या कशाच्या पडताहेत ते कळेना.

‘मोठा माणूस’ म्हणजे अंगाने की मानाने, हे मोबाइलची यादी सांगत नाही. मानाने मोठा असेल तर एमिनंट, डिस्टिंग्विश्ड. हल्किंग, बल्की, मॅसिव्ह हे सगळे अंगाचे शब्द. एकाने नोकरीच्या अर्जात ‘आय कम फ्रॉम अ बल्की फॅमिली’ लिहिलं होतं. त्याला एकत्र कुटुंब म्हणायचं होतं, वाचणाऱ्याला सगळं घरच जाडजूड दिसलं असणार. तिथे साधा ‘लार्ज’ पुरतो.

माझी सवय सांगतो. मी नवा शब्द एकटा लिहूनच घेत नाही, त्याच्याबरोबर त्याचं नाम लिहितो. आणि त्याआधी मराठीत विचारतो. आपल्याकडे माणूस धिप्पाड असतो, इमारत टोलेजंग, माळरान विस्तीर्ण, घर ऐसपैस, मंदिर भव्य, पीक भरघोस. ‘धिप्पाड मंदिर’ किंवा ‘टोलेजंग माळरान’ आपल्या तोंडून चुकूनही येत नाही. इंग्रजीतही तसंच आहे. विस्तीर्ण ते व्हास्ट, ऐसपैस ते स्पेशियस, टोलेजंग ते टॉवरिंग, भव्य ते ग्रँड, धिप्पाड ते बर्ली. सोयाबीन भरघोस आलं तर बम्पर क्रॉप. दोन भाषांतले शब्द दर वेळी तंतोतंत जुळत नाहीत, पण मराठी शब्द आधी अचूक निवडला की इंग्रजीतली निम्मी चूक तिथेच टळते. याला वेळ लागतो, आणि पोरांना नेमका तोच द्यायचा नसतो.

वस्तू न बघता विशेषण लावणं

‘अ व्हिजिट टू जायकवाडी’ या निबंधात ‘टॉवरिंग डॅम’ इतक्या वेळा वाचलंय की आता लाल पेन आपोआप फिरतो. अरे, पैठणला जाऊन ती भिंत बघितली आहे ना? मातीचं धरण आहे ते. उंची ४१ मीटरच्या आसपास आणि लांबी जवळपास १० किलोमीटर. डोळ्यात भरते ती लांबी. टॉवरिंग म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यावर उंच उठलेलं. म्हणून भिंतीला लाँग म्हणा, फार तर इनॉर्मस म्हणा. त्यामागच्या नाथसागर जलाशयाचं पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतं, त्याला व्हास्ट शोभतो, कारण व्हास्ट पसाऱ्याचा शब्द आहे.

टॉवरिंग वापरायची हौसच असेल तर दौलताबादला जा. सपाटीवर एकटाच उभा असलेला, सुमारे २०० मीटर उंच डोंगर. तिथे तो शब्द बरोबर बसतो. त्याच किल्ल्यावरची मेंढा तोफ मॅसिव्ह, कारण या शब्दात आकाराबरोबर वजन, घनपणा येतो. वेरूळचं कैलास लेणं, १६ नंबरचं, एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेलं. त्याला कोलॉसल म्हटलं तर मी एकही मार्क कापणार नाही. प्राचीन काळी ऱ्होड्स बेटावर जो अवाढव्य पुतळा होता, त्याच्याच नावाशी या शब्दाचं नातं आहे. पण तोच शब्द कॉलेजच्या कँटीनला लावलात तर कापणार.

प्रत्येक ‘मोठा’ म्हणजे बिग नव्हे

मराठीत ‘मोठा’ वाट्टेल ती कामं करतो. मोठा पाऊस झाला तर तो हेवी रेन. मोठा आवाज लाउड, मोठा भाऊ एल्डर ब्रदर, घरातली मोठी माणसं एल्डर्स. मोठ्याने वाच म्हणजे रीड अलाउड. ‘बिग रेन’ खटकतं म्हणून ‘जायगँटिक रेन’ लिहिणारे आहेत. चूक तीच राहते, फक्त जास्त महाग दिसते.

आपल्या भागातल्या निबंधांत दुष्काळ येणारच. १९७२ चा मोठा दुष्काळ म्हणजे सिव्हिअर ड्राउट, ‘ह्यूज ड्राउट’ नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ती मोठी टंचाई म्हणजे अक्यूट शॉर्टेज. तीव्रता सांगायची असते तिथे आकाराचा शब्द लंगडा पडतो. संख्या आणि रकमेला मात्र लार्ज धरा: लार्ज नंबर, लार्ज अमाउंट. ‘बिग नंबर ऑफ फार्मर्स’ नको.

व्हेरी ह्यूज

ह्यूज, इनॉर्मस, जायगँटिक यांच्या पोटात ‘व्हेरी’ आधीच आहे. ‘खूप अवाढव्य’ म्हणता का? जोर द्यायचाच असेल तर ॲब्सोल्यूटली ह्यूज.

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या

उंच माणूस टॉल. ‘माय ब्रदर इज व्हेरी हाय’ म्हणालात तर भावाने नशा केली आहे असा अर्थ होतो.

‘जायगँटिक’चा उच्चार ‘गिगँटिक’ करू नका.

‘इट गिव्ह्ज मी इमेन्स प्लेजर’ व्याकरणाने बरोबर आहे. तरी सूत्रसंचालकांनो, हात जोडतो, बंद करा.

‘जम्बो’ हा लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हत्ती, १८८२ मध्ये अमेरिकेच्या सर्कसला विकला गेलेला. त्याचं नाव वेफर्सच्या पाकिटाला शोभतं, बँकेच्या अर्जाला नाही. जायगँटिक आणि इनॉर्मस जोडून केलेला ‘जायनॉर्मस’ मित्रांच्या ग्रुपवर ठीक, उत्तरपत्रिकेत नको.

‘ग्रेट’ माणसाला लावला की महान, पण ग्रेट ब्रिटनमध्ये तो निव्वळ आकाराचा आहे. तिथे देशभक्तीचे अर्थ काढू नका.

आणि ‘इनॉर्मिटी’. इनॉर्मसचं नाम म्हणून पोरं बिनधास्त लिहितात, ‘द इनॉर्मिटी ऑफ अवर स्कूल’. काही लोक तो आकारासाठी वापरतात खरे, पण जाणकार वाचणाऱ्याच्या मनात आधी येतो तो घोर दुष्कृत्याचा अर्थ. आपल्या शाळेबद्दल तक्रार करायची नसेल, तर ‘साइझ’ लिहा.