ईजीएफआर समजून घेताना: कोकणातल्या बीएस्सीच्या मुलांसाठी

रत्नागिरी, दापोली, सावंतवाडीकडची बायोटेक किंवा झूऑलॉजीची मुलं फोन करतात तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते, "ताई, सेल सिग्नलिंग पाठच होत नाही." सेल सिग्नलिंग, म्हणजे बाहेरचा निरोप पेशीच्या आत कसा पोचतो ते, पाठ करायचं प्रकरणच नाही. पुस्तकातल्या बाणांच्या तक्त्यात कोणानंतर कोण एवढंच दिसतं. म्हणून प्रत्येक बाणाला तीन प्रश्न विचारायचे: कोण कोणाला नेमकं कुठे चिकटलं, त्यामुळे काय बदललं, आणि हे थांबतं कसं? मी रत्नागिरीत बीएस्सी केलं, आता नवी मुंबईत कॅन्सरच्या पेशींवर काम करते. नवा पाथवे (निरोपाची साखळी) समोर आला की आजही याच पद्धतीने वाचते.

सुरुवात एकाच रिसेप्टरपासून, म्हणजे निरोप घेणाऱ्या पेशीपटलावरच्या एकाच प्रथिनापासून करा, आणि तो ईजीएफआर (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर) असू द्या. त्याच्यावर इतकं काम झालंय की जवळजवळ प्रत्येक पायरीचा पुरावा हाताशी आहे. स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडले, दातही लवकर आले. त्या अर्कातलं प्रथिन म्हणजे ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर), ईजीएफआरला चिकटणारा निरोप, अवघ्या ५३ अमिनो आम्लांचं. १९८६ चं नोबेल कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळालं ते ग्रोथ फॅक्टरच्या शोधासाठी.

बारावीपासून डोक्यात बसलेली कुलूप-किल्लीची उपमा इथे मात्र बाजूला ठेवा. ईजीएफआरचा पेशीबाहेरचा भाग चार डोमेनचा, म्हणजे वेगवेगळ्या घडी पडलेल्या चार तुकड्यांचा असतो. ईजीएफ नसताना दुसरं आणि चौथं डोमेन एकमेकांना धरून बसतात, आणि दुसऱ्या डोमेनमधून निघणारा, जोडी जमवणारा हात त्या पकडीत अडकलेला असतो. ईजीएफ पहिल्या आणि तिसऱ्या डोमेनला एकाच वेळी धरतं. ती दोन्ही जवळ येतात, पकड सुटते, हात मोकळा होतो आणि शेजारच्या तशाच उघडलेल्या रिसेप्टरच्या हाताला भिडतो. ईजीएफचा रेणू दोन रिसेप्टरांना मधे बसून बांधत असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. दोन्ही ईजीएफ जोडीच्या बाहेरच्या अंगाला असतात. जोडी रिसेप्टर स्वतःच जमवतात.

हे कागदावर कळत नाही, रचना फिरवून बघावी लागते. प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रथिनांच्या रचनांचा ऑनलाइन साठा, फुकट आहे. तिथे '१ आयव्हीओ' (1IVO) ही २००२ सालची रचना उघडा, त्यात जमलेली जोडी आहे. मग '१ एनक्यूएल' (1NQL) उघडून शेजारी ठेवा. त्यात रिसेप्टर मिटलेला आहे, आणि गंमत अशी की ईजीएफ त्यातही आहे, पण फक्त पहिल्या डोमेनला चिकटलेलं. तिसऱ्याला पोचलेलं नाही, म्हणून पकड सुटलेली नाही. या दोन चित्रांवर एक अख्खी संध्याकाळ घालवा. पावसात आपल्याकडे लाइट आणि नेट कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा फाइली आणि त्या बघायचं कायमेरा-एक्स हे सॉफ्टवेअर मे महिन्यातच लॅपटॉपवर उतरवून ठेवा.

पटलाच्या आतलं त्यामानाने सरळ आहे. जोडीतलं एक कायनेज (फॉस्फेट लावणारं) डोमेन दुसऱ्याला रेटून चालू करतं, शेपटीतल्या टायरोसिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट लागतात. तिथे ग्रब-टू हे प्रथिन आपल्या एसएच-टू डोमेनने बसतं आणि सोबत सॉस या दुसऱ्या प्रथिनाला आणतं. सॉस रास या प्रथिनातलं जीडीपी काढतं, जीटीपी आत येतं आणि रास चालू होतं. पुढे राफ, मेक, ईआरके ही कायनेज एकामागून एक चालू होतात. पीआय-थ्री-कायनेज आणि एकेटीची वाट वेगळी, ती नंतर वाचा.

थांबण्याचा भाग मुलं सोडून देतात, आणि कॅन्सर समजायला तोच लागतो. सीबीएल हे प्रथिन त्याच फॉस्फेट लागलेल्या शेपटीवर येऊन युबिक्विटिनची खूण लावतं, रिसेप्टर आत ओढला जातो, लायसोसोममध्ये संपतो. रासवरचं जीटीपी जीएपी प्रथिनांच्या मदतीने तुटतं आणि रास बंद होतं. रासचं बारावं अमिनो आम्ल बदललं की ही मदत लागू पडत नाही आणि रास चालूच राहतं.

लॅबमध्ये हे सगळं एका वेस्टर्न ब्लॉटवर दिसतं, म्हणजे प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायच्या पद्धतीत. पेशींना रात्रभर सीरम देत नाहीत, कारण सीरममध्ये ग्रोथ फॅक्टर असतातच. सकाळी ईजीएफ घालून ०, ५, १५, ३०, ६० मिनिटांनी प्लेट थेट बर्फावर. पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट हवंच, नाहीतर फॉस्फेट काढणारे फॉस्फेटेज तुमचा सिग्नल खाऊन टाकतात. ब्लॉकिंगला (ब्लॉटवरच्या मोकळ्या जागा झाकायला) दुधाची पावडर घेऊ नका, बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) घ्या: दुधातल्या केसिनवरच फॉस्फेट असतात, फॉस्फेट ओळखणाऱ्या फॉस्फो-अँटीबॉडीला पार्श्वभूमी काळी होऊ शकते. पाचव्या मिनिटाच्या लेनमध्ये १७५ किलोडाल्टनच्या आसपास ईजीएफआरचा गडद पट्टा येतो, खाली ईआरकेचे ४४ आणि ४२ चे दोन जुळे पट्टे. पुढच्या लेनमध्ये ते फिके होत जाताना बघितले की बाणांच्या तक्त्याला वेळ जोडला जातो.

आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत पेशी वाढवायची सोय नसते. त्यासाठी विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप बघा, एमएस्सीला गेलात की खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (कॅन्सर संशोधन केंद्र) किंवा पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञान केंद्र) इथे प्रोजेक्टसाठी विचारा. अर्जात 'मला संशोधनाची आवड आहे' लिहू नका. वरच्या दोन रचनांत तुम्हाला काय दिसलं ते चार ओळींत लिहा, मेल वाचला जायची शक्यता खूप वाढते.

मुलाखतीला जाताना हर-टूची, म्हणजे ईजीएफआरच्या भावंड रिसेप्टरची, तयारी ठेवा. त्याचा कुठलाही लिगंड (रिसेप्टरला चिकटणारा रेणू, जसं ईजीएफ) माहीत नाही, मग तो चालू होतो कसा? त्याचा हात कायमच बाहेर असतो, त्यामुळे भावंड रिसेप्टरांशी, विशेषतः हर-थ्रीशी, तो सहज जोडी करतो. काही स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याच्या जनुकाच्या प्रती वाढतात, पटलावर इतके हर-टू होतात की ते आपापसातच जोड्या जमवतात. ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध त्याच्या चौथ्या डोमेनला चिकटतं. पर्टुझुमॅब दुसऱ्या डोमेनमधल्या त्या हातावरच बसतं, म्हणून दोन्ही औषधं एकत्र देता येतात.